पोर्टापॅक एच१, एच२ की एच४एम? हॅकआरएफवर बसवायच्या पोर्टापॅकबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हॅकआरएफ वन हा लॅपटॉपला जोडून वापरायचा रेडिओ घेतला की महिन्या-दोन महिन्यांत पोर्टापॅकचा विषय निघतोच. मग विक्रेत्यांच्या याद्या उघडल्या की एच१, एच२, एच२ प्लस, एच२एम, एच३, एच४एम अशी नावांची रांग समोर येते आणि माणूस गोंधळतो. आमच्या हौशी रेडिओवाल्यांच्या गोतावळ्यात हेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून त्यांची उत्तरं एका जागी लिहून ठेवतो आहे. पैसे मोजण्याआधी वाचलंत तर जास्त उपयोग होईल.

पोर्टापॅक म्हणजे नेमकं काय? तो स्वतंत्र रेडिओ आहे का?

नाही. रेडिओ आहे तो हॅकआरएफ वन. मायकेल ऑसमन यांनी तो डिझाइन केला आणि त्यांची ग्रेट स्कॉट गॅजेट्स ही कंपनी २०१४पासून तो विकते आहे. १ मेगाहर्ट्झपासून ६ गिगाहर्ट्झपर्यंत रिसीव्ह आणि ट्रान्समिट दोन्ही करतो, पण एका वेळी एकच. मूळ कल्पना अशी की तो यूएसबीने लॅपटॉपला जोडायचा आणि सगळी आकडेमोड लॅपटॉपने करायची.

जॅरेड बून यांनी त्यांच्या शेअरब्रेन्ड टेक्नॉलॉजीतर्फे पोर्टापॅक काढला तो हा लॅपटॉप बाजूला ठेवता यावा म्हणून. हॅकआरएफच्या बोर्डावर पिनांच्या रांगा आहेत, त्यांवर हा दुसरा बोर्ड बरोबर बसतो. त्यावर टचस्क्रीन, चार दिशांची बटणं, फिरवायची चकती, आवाजासाठी ऑडिओ चिप, मायक्रोएसडी कार्डाची खाच आणि घड्याळासाठी छोटा बटण सेल असतो.

खरेदीचा सगळा निर्णय ज्यावर ठरतो ती गोष्ट अशी की पोर्टापॅकवर स्वतःचा प्रोसेसर नाही. डोकं चालतं ते हॅकआरएफवरच्या एलपीसी४३२० या चिपचं. तिच्यात दोन गाभे आहेत, दोन्ही २०४ मेगाहर्ट्झपर्यंत धावणारे. एम४ गाभा सिग्नल सोडवतो, एम० गाभा स्क्रीन आणि बटणं सांभाळतो. एच१ असो की एच४एम, ही चिप तीच आणि तेवढीच.

मग नव्या आवृत्तीचं रिसेप्शन जुन्यापेक्षा चांगलं असतं का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आणि उत्तर सरळ आहे: नाही. अँटेना हॅकआरएफला लागते, पोर्टापॅकला नाही. सिग्नल आत आल्यावर अँप्लिफायर, आरएफएफसी५०७२ मिक्सर, मॅक्स२८३७ ट्रान्सीव्हर आणि सिग्नलचे आकडे करणारा ८ बिटांचा कन्व्हर्टर या वाटेने जातो, आणि ही सगळी वाट खालच्या बोर्डावरच आहे. वरचा बोर्ड बदलला म्हणून अशक्त स्टेशन ऐकू यायला लागत नाही. गाडीचं इंजिन तेच ठेवून बॉडी बदलावी तसं हे आहे. बॉडीलाही महत्त्व आहेच, पण चढावर जोर लागतो तो इंजिनाचा.

वरच्या बोर्डाचा रेडिओवर परिणाम होतो तो दोन वाटांनी. एक म्हणजे क्लॉक. काही पोर्टापॅकवर अचूक १० मेगाहर्ट्झचा टीसीएक्सओ (तापमान बदललं तरी फारसा न सरकणारा क्रिस्टल) असतो आणि तो हॅकआरएफला संदर्भ पुरवतो. त्याबद्दल खाली वेगळं लिहिलं आहे. दुसरी वाट गोंगाटाची. बॅटरीचा ३.७ व्होल्ट वाढवून ५ व्होल्ट करणारं सर्किट, स्क्रीनचा बॅकलाइट, चार्जिंग ही सगळी आसपास थोडा रेडिओ कचरा करतात. चार्जरला लावलेला पोर्टापॅक आणि बॅटरीवरचा पोर्टापॅक यांचा धबधबा, म्हणजे स्क्रीनवर सरकत जाणारं सिग्नलांचं रंगीत चित्र, शेजारी ठेवून पाहा. स्वस्त चार्जर असेल तर खालच्या फ्रिक्वेन्सींवर उभ्या रेघांची जाळी स्पष्ट दिसते. अशक्त सिग्नल शोधायचा असेल तेव्हा केबल काढा.

एच१ आज घ्यावा का?

एच१ हा मूळ आराखडा. २.४ इंची स्क्रीन, हेडफोनचा जॅक, एसडी कार्ड, घड्याळ, बस्स. बॅटरी नाही, स्पीकर नाही. बाहेर न्यायचा तर पॉवर बँक जोडावी लागते. जॅरेड बून यांनी आराखडा आणि फर्मवेअर (उपकरणाच्या आत चालणारा प्रोग्रॅम) दोन्ही खुल्या परवान्याखाली दिले, म्हणूनच पुढच्या सगळ्या आवृत्त्या निघू शकल्या. तेव्हा आज तुम्ही एच४एम वापरत असलात तरी उभे आहात एच१च्याच पायावर, आणि हे श्रेय मोकळेपणाने द्यायला हवं.

एच१मध्येही दोन पिढ्या आहेत. पहिलीत डब्ल्यूएम८७३१ ही ऑडिओ चिप होती, दुसरीत एके४९५१ आली. फर्मवेअर सुरू होताना ऑडिओ चिप तपासतं आणि त्यावरून बोर्डाची पिढी ओळखतं, त्यामुळे तुम्हाला काही निवडावं लागत नाही.

टेबलावरच वापर असेल आणि कुणी मित्र वाजवी किमतीत जुना एच१ देत असेल तर आनंदाने घ्या. बाजारात नवा म्हणून जो ‘एच१’ मिळतो तो बहुतेक वेळा नक्कलच असते. ती चालतेही, पण तेवढ्या पैशात थोडी भर घातली की बॅटरीवाली आवृत्ती येते.

एच२मध्ये काय वेगळं आहे?

एच२ चीनमधल्या बोर्ड बनवणाऱ्यांकडून आला. ३.२ इंची स्क्रीन, आत लिथियम बॅटरी, चार्जिंगचं सर्किट आणि स्पीकर. खिशात टाकून निघता येईल असा पोर्टापॅक खऱ्या अर्थाने इथून सुरू झाला, आणि आज लोकांच्या हातात जे पोर्टापॅक दिसतात त्यांत एच२च्या कुळातलेच भरपूर आहेत.

दोष म्हणाल तर बॅटरी किती उरली हे स्क्रीनवर समजत नाही. फार तर बाजूचे छोटे दिवे पाहून अंदाज बांधायचा. गडावर किंवा किनाऱ्यावर मोजणी चालू असताना उपकरण न सांगता बंद पडतं आणि चालू असलेलं रेकॉर्डिंग तिथेच तुटतं. लांब जायचं असेल तर एच२सोबत पॉवर बँक ठेवाच.

स्क्रीन मोठी म्हणजे जास्त तपशील दिसतो का?

नाही. २.४ इंची असो वा ३.२ इंची, ठिपके २४० गुणिले ३२०च. अक्षरं मोठी होतात, बोटाने बटण दाबणं सोपं होतं, एवढाच फरक. चाळिशी लागलेल्यांसाठी हा फरक लहान नाही, पण धबधब्यात जास्त बारकावा दिसेल ही अपेक्षा ठेवू नका.

काही बोर्डांवर आयपीएस पॅनेल असतं आणि पहिल्यांदा चालू केल्यावर रंग उलटे दिसतात, काळ्याच्या जागी पांढरा. तो बिघाड नाही. मेहेम या आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या फर्मवेअरच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रंग उलटवायचा पर्याय आहे, तो लावला की झालं.

एच२ प्लस, एच२एम, एच३ ही काय भानगड आहे? क्रमांक मोठा तो चांगला असं समजावं का?

अजिबात समजू नका. आराखडा खुला आहे, त्यामुळे कोणीही बोर्ड बनवू शकतो आणि त्याला हवं ते नाव देऊ शकतो. नाव ठरवणारी कुठलीही मध्यवर्ती संस्था नाही. एकाच नावाखाली दोन विक्रेत्यांकडे आतून वेगळे बोर्ड मिळतात आणि एकच बोर्ड दोन नावांनी विकला जातो. ‘प्लस’ या शब्दाचा अर्थ एकाकडे टीसीएक्सओ, तर दुसऱ्याकडे नुसती वेगळी पेटी.

म्हणून नाव सोडा, भाग विचारा. विक्रेत्याला पाठवायचे माझे ठरलेले प्रश्न असे: बोर्डाच्या दोन्ही बाजूंचा स्पष्ट फोटो पाठवा. टीसीएक्सओ आहे का, आणि तो पोर्टापॅकवर आहे की हॅकआरएफवर? सोबत येणारा हॅकआरएफ कोणत्या आराखड्याचा आहे? चार्जिंगचा सॉकेट कोणता? बंद करायला खरा स्विच आहे की बटण दोनदा दाबायचं? फर्मवेअर कोणत्या तारखेचं भरलं आहे? जो विक्रेता फोटो पाठवायला टाळाटाळ करतो, त्याच्याकडून मी घेत नाही. बोर्डावर पांढऱ्या शाईत छापलेली आवृत्ती आणि चिपांवरचे आकडे भिंगातून वाचता येतात, आणि ते जाहिरातीतल्या नावापेक्षा कितीतरी जास्त सांगतात.

एच४एमबद्दल सगळे इतकं का बोलतात?

कारण आधीच्या आवृत्त्यांबद्दल लोक ज्या तक्रारी करत होते, त्यांतल्या बऱ्याच एच४एममध्ये ऐकल्या गेल्या. हा बोर्ड चीनमधल्या ओपनसोर्सएसडीआरलॅब मंडळींचा, २०२४चा. नावातला ‘एम’ मेहेमचा. आज पोर्टापॅकसाठी सगळ्यात जास्त वापरलं जाणारं फर्मवेअर लिहिणारे आणि बोर्ड बनवणारे इथे एकमेकांशी बोलून काम करताना दिसतात.

सगळ्यात उपयोगी भर म्हणजे बॅटरी मोजणारी चिप, मॅक्स१७०५५. ती बॅटरीत येणारा-जाणारा प्रवाह मोजते आणि फर्मवेअर वरच्या पट्टीत टक्केवारी दाखवतं. बॅटरीच्या माहितीचा पडदा उघडला तर व्होल्टेज आणि प्रवाहही दिसतो. हे नुसतं सोयीचं नाही, शिकायलाही छान आहे: बॅकलाइट कमी करा, आरएफ अँप चालू-बंद करा, आणि प्रवाहाचा आकडा कसा हलतो ते पाहत राहा. कोणती गोष्ट बॅटरी खाते हे तुम्हाला स्वतःलाच कळतं.

दुसरं म्हणजे टाइप-सी सॉकेट. तिसरं, बटणांची मांडणी हाताला जास्त सोयीची आहे. चौथी गोष्ट मला सगळ्यात आवडते: बाहेर काढलेला आय-टू-सी जोड, म्हणजे छोटी उपकरणं दोन तारांनी जोडायची सोय. त्यावर सेन्सर किंवा ईएसपी३२सारखा छोटा बोर्ड लावता येतो आणि मेहेम त्याच्याशी बोलतं. जीपीएस जोडला तर पकडलेल्या सिग्नलसोबत जागाही नोंदवता येते. कॉलेजातल्या मुलांना प्रकल्पासाठी यातून खूप काही करता येईल.

आता सावधगिरीचं. एच४एमच्याही नकला आल्या आहेत, आणि प्रत्येकीवर बॅटरी मोजणारी चिप असेलच असं नाही. बाहेरून पेटी तंतोतंत सारखी दिसते. चालू उपकरणाच्या स्क्रीनचा फोटो मागा आणि वरच्या पट्टीत बॅटरीची खूण दिसते का ते बघा.

एच४एम नुसता बोर्ड म्हणूनही मिळतो आणि तुमच्याकडच्या हॅकआरएफ वनवर बसतो. खालचा हॅकआरएफ जुना असेल तर त्याचं मायक्रो-यूएसबी तसंच राहणार हे लक्षात ठेवा, आणि पेटी तुमच्या बोर्डाच्या सॉकेटांशी जुळते का ते आधी बघा.

टीसीएक्सओ खरंच लागतो का, की विक्रेत्यांचा भपका?

तुम्ही काय ऐकता त्यावर आहे. हॅकआरएफ वनवरचा साधा क्रिस्टल दशलक्षात २० भागांपर्यंत चुकू शकतो. चांगला टीसीएक्सओ दशलक्षात अर्ध्या भागाच्या आसपास राहतो. आता हिशेब मांडू.

विमानांचे एडीएस-बी सिग्नल १०९० मेगाहर्ट्झवर असतात. तिथे २० भाग म्हणजे जवळपास २२ किलोहर्ट्झची चूक. पण तो सिग्नलच मेगाहर्ट्झच्या घरात रुंद आहे, त्यामुळे काहीच बिघडत नाही. टीसीएक्सओशिवाय विमानं व्यवस्थित दिसतात. एफएम स्टेशन दोनशे किलोहर्ट्झ रुंद, तिथेही चिंता नाही.

हौशी उपग्रहांच्या ४३५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात मात्र तीच चूक ८.७ किलोहर्ट्झ होते, आणि तिथलं एक चॅनेलच साडेबारा किंवा पंचवीस किलोहर्ट्झचं. सिग्नल चॅनेलच्या कडेला घसरतो आणि आवाज फाटतो. एसएसबी (हौशी रेडिओवाले बोलायला वापरतात ती अरुंद पद्धत) ऐकायचं तर काही शे हर्ट्झची चूकसुद्धा माणसाचा आवाज ओळखू न येण्याइतका बदलते. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाची १४५.८०० मेगाहर्ट्झची फ्रिक्वेन्सी घेतली तर चूक सुमारे २.९ किलोहर्ट्झ, आणि वर स्थानकाच्या वेगामुळे होणारं डॉप्लर सरकणं वेगळं. अशा कामाला टीसीएक्सओ हवाच.

एक टीसीएक्सओ पुरे. पोर्टापॅकवर असेल तर हॅकआरएफवर वेगळा बसवायची गरज नाही. मेहेमच्या रेडिओ सेटिंगमध्ये संदर्भ कुठून येतो आहे ते दिसतं: हॅकआरएफचा क्रिस्टल, पोर्टापॅक की बाहेरचा. पेटीवर ‘टीसीएक्सओ’ छापलं आहे आणि स्क्रीन क्रिस्टल म्हणते आहे, असं दिसलं तर लगेच विक्रेत्याला विचारा.

खाली कोणता हॅकआरएफ आहे याने फरक पडतो का?

पोर्टापॅकच्या आवृत्तीपेक्षा जास्त पडतो, आणि लोक नेमकं हेच विचारायचं विसरतात.

हॅकआरएफ वनच्या बोर्डाला ‘आर’ क्रमांक असतात. सुरुवातीचे बोर्ड आर१ ते आर४, पुढे आर६, आर७, आर८ असे छोटे बदल होत गेले. आर९ वेगळा आहे: चिपांच्या टंचाईच्या काळात त्यात मॅक्स२८३७च्या जागी मॅक्स२८३९ आणि वेगळी क्लॉक चिप वापरावी लागली. त्यामुळे आर९वर जुनं फर्मवेअर नीट चालत नाही, नवं लागतं. आर१० पुन्हा आर८च्या वळणावर गेला. बाजारातल्या नकला बऱ्याचदा जुन्या आराखड्यांवर बेतलेल्या असतात.

ओळखायचं कसं? पोर्टापॅकच्या मेनूतून हॅकआरएफ मोड निवडा, लॅपटॉपला जोडा आणि हॅकआरएफ_इन्फो ही आज्ञा चालवा. फर्मवेअर अलीकडचं असेल तर बोर्डाचा क्रमांक येतो, किंवा तो आर६पेक्षा जुना असल्याचं सांगितलं जातं. बोर्ड ग्रेट स्कॉट गॅजेट्सने बनवला असल्यासारखं दिसलं तर तशी ओळही छापून येते. नक्कल घेणं गैर नाही, आराखडा खुला आहे. पण मूळ बोर्डाची किंमत घेऊन नक्कल देणं ही फसवणूक आहे, आणि ती पकडायला ही एक ओळ पुरते.

२०२५मध्ये जाहीर झालेला हॅकआरएफ प्रो ही त्यापुढची पिढी: १०० किलोहर्ट्झपासून सुरुवात, आत टीसीएक्सओ, टाइप-सी, आणि जुन्या, साध्या सीपीएलडी चिपच्या जागी जास्त ताकदीची एफपीजीए चिप. पोर्टापॅकचं फर्मवेअर अगदी खालच्या पातळीवर हार्डवेअरशी बोलतं, त्यामुळे वन आणि प्रो यांना एकच समजू नका. तुमच्या पोर्टापॅकसाठीच्या फर्मवेअरच्या प्रकाशन टिपेत प्रोचा उल्लेख आहे का ते वाचून मगच जोडी जमवा.

फर्मवेअर कोणतं टाकू? आवृत्तीप्रमाणे फर्मवेअर वेगळं असतं का?

मेहेम टाका. जॅरेड बून यांचं मूळ फर्मवेअर, त्यावरून फरटेक यांनी काढलेलं हॅवोक, आणि हॅवोकवरून एरविन रीड यांनी सुरू केलेलं मेहेम असा वंश आहे. आता मेहेमवर जगभरचे हात काम करतात. एच१पासून एच४एमपर्यंत एकच फाइल चालते. फर्मवेअर स्वतः बोर्ड ओळखतं.

एक खुबी समजून घ्या. हॅकआरएफवरची फ्लॅश मेमरी फक्त १ मेगाबाइटची. एवढ्या अॅप्सना ती पुरेना, म्हणून मेहेमने पुष्कळशी अॅप्स पीपीएमए फाइल करून एसडी कार्डावर हलवली. या फाइली आणि फर्मवेअर एकाच आवृत्तीचे असावे लागतात. फर्मवेअर बदललं आणि कार्ड तसंच ठेवलं की काही अॅप्स उघडत नाहीत, आणि लोक समजतात उपकरण बिघडलं. दर वेळी प्रकाशनासोबतचा कार्डाचा गठ्ठाही नव्याने उतरवा. कार्ड चांगल्या कंपनीचं घ्या. रेकॉर्डिंगमध्ये मध्येच तुटक होत असेल तर दहातल्या नऊ वेळा हळू कार्डच कारण असतं.

फर्मवेअर टाकलं आणि स्क्रीन काळीच राहिली. गेलं का?

बहुधा नाही. पोर्टापॅकवर स्क्रीन आणि प्रोसेसर यांच्या मधे एक छोटी सीपीएलडी चिप असते. मूळ आराखड्यात ती अल्टेराची, अलीकडच्या बऱ्याच बोर्डांवर एजीएम कंपनीची. एजीएमवाल्या बोर्डावर जुनं फर्मवेअर टाकलं तर पडदा अंधारा राहतो. उपाय एकच: नवं मेहेम.

ते टाकण्यासाठी हॅकआरएफचं डीएफयू (फर्मवेअर भरायचं) बटण दाबून धरा, रीसेट दाबून सोडा, मग डीएफयू सोडा. चिप तिच्या मूळ रॉममधून सुरू होते आणि लॅपटॉपवरून नवं फर्मवेअर भरता येतं. ही वाट फ्लॅशवर अवलंबून नाही, त्यामुळे चुकीचं फर्मवेअर टाकून हॅकआरएफ कायमचा मारणं जवळपास अशक्य आहे. घाबरू नका.

दर वेळी चालू केल्यावर टच परत कॅलिब्रेट करावा लागतो आणि तारीख चुकीची येते. का?

बटण सेल संपला आहे. पोर्टापॅक घड्याळच नाही तर आपल्या सेटिंगसुद्धा प्रोसेसरच्या त्या छोट्या मेमरीत ठेवतो जी बटण सेलवर जिवंत राहते. सेल मेला की वीज गेल्यावर सगळं पुसलं जातं: टचची मोजणी, शेवटची फ्रिक्वेन्सी, फ्रिक्वेन्सी दुरुस्ती, तारीख. जुना बोर्ड विकत घेताना हमखास दिसणारा प्रकार आहे हा. सेल बदला. तोवर मेहेममध्ये सेटिंग एसडी कार्डावर साठवायचा पर्याय आहे, तो लावून ठेवा. मोठी बॅटरी भरलेली असली तरी हा सेल वेगळा आहे, हे लक्षात असू द्या.

बॅटरीबद्दल काय काळजी घ्यावी?

लिथियमची पातळ थैली दोन बोर्डांच्या मधे, गरम भागांजवळ बसलेली असते. पेटी फुगलेली वाटली, झाकण उचललं गेलं, तर चार्जिंग तिथेच थांबवा आणि बॅटरी बदला. महिनोन्महिने कपाटात ठेवायचा असेल तर अर्ध्याच्या आसपास चार्ज करून ठेवा. विमानप्रवासात चेक-इन सामानात टाकू नका, हातातल्या बॅगेत ठेवा.

रिसेप्शन अचानक बहिरं झालं. पोर्टापॅक बदलू का?

पोर्टापॅकचा यात दोष असण्याची शक्यता फार कमी. बहुतेक वेळा हॅकआरएफचा पुढचा अँप्लिफायर गेलेला असतो. हॅकआरएफला अँटेनातून जास्तीत जास्त उणे ५ डीबीएम, म्हणजे साधारण एक तृतीयांश मिलिवॉट, सोसतं. शेजारी कुणी पाच वॉटचा वॉकीटॉकी दाबला आणि तुमचा अँप चालू असला तर तेवढं पुरतं. मोठ्या तारेवर साठलेली स्थिर वीजही तेच करते, आणि वळवाच्या दिवसांत गच्चीवरच्या अँटेनाशी उपकरण जोडून ठेवणं म्हणजे धोकाच.

तपासायला सोपं आहे. एखादं जोरदार एफएम स्टेशन लावा, पुण्यात असाल तर आकाशवाणीचं १०१ मेगाहर्ट्झ. अँप बंद ठेवून ऐका, मग चालू करा. चालू केल्यावर सिग्नल वाढायच्या ऐवजी कमी झाला तर अँप्लिफायर गेला. सुटी चिप मिळते आणि हात स्थिर असेल तर बदलता येते.

शहरात एरवीही अँप बंदच ठेवावा असं माझं मत आहे. ८ बिटांच्या कन्व्हर्टरची पट्टी जेमतेम ५० डेसिबलची. जवळचं एफएम मनोऱ्यावरचं स्टेशन ती भरून टाकतं आणि मग भलत्याच जागी त्याची भुतं दिसतात.

मीडियम वेव्ह ऐकता येईल का? पुणे केंद्र ७९२ किलोहर्ट्झ?

हॅकआरएफ वन १ मेगाहर्ट्झपासून सुरू होतो, म्हणजे नाही. कोणताही पोर्टापॅक यात मदत करू शकत नाही. साधा ट्रान्झिस्टर या कामाला उत्तम.

भारतात हे वापरणं कायदेशीर आहे का?

ऐकणं आणि पाठवणं वेगळं करा. पाठवायला परवाना लागतो, आणि मेहेममध्ये पाठवायची भरपूर अॅप्स एका बटणावर असल्यामुळे हे ठासून सांगायला हवं. १८८५चा टेलिग्राफ कायदा आणि १९३३चा वायरलेस कायदा यांची जागा घ्यायला २०२३चा दूरसंचार कायदा आला, पण स्पेक्ट्रम सरकारचा हे सूत्र कायम आहे. परदेशातून मागवताना वायरलेस उपकरणांना उपकरण-मान्यता लागते आणि कस्टममध्ये पार्सल अडू शकतं. २०२५मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मान्यतेविना वॉकीटॉकी विकणाऱ्या ऑनलाइन बाजारपेठांना नोटिसा दिल्या, तेव्हापासून या विषयाकडे बारकाईने पाहिलं जातं.

पाठवायची खरी आवड असेल तर हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना काढा. दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी या वायरलेस शाखेतर्फे परीक्षा होते, दोन श्रेणी आहेत, आणि १२ वर्षांची मुलंही बसू शकतात. घरातल्या मुलांना सोबत घेऊन अभ्यास करा, फार आनंदाचं काम आहे. परवाना मिळाल्यावरही हॅकआरएफ थेट अँटेनाला लावून पाठवू नका. त्याच्या आउटपुटवर फिल्टर नाही, त्यामुळे मूळ फ्रिक्वेन्सीच्या दुप्पट-तिप्पट जागीही सिग्नल जातो. लो-पास फिल्टर आवश्यकच.

आणि जुन्नर-नारायणगाव बाजूला फिरायला गेलात तर ट्रान्समिटची अॅप्स उघडूच नका. खोडदला जीएमआरटीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आकाशातून येणारे अतिशय अशक्त रेडिओ सिग्नल टिपत असतात. तुमच्या हातातला काही मिलिवॉटचा सिग्नल त्यांच्यापुढे प्रचंड असतो.

मला फक्त ऐकायचं आहे. तरी हॅकआरएफ आणि पोर्टापॅक घ्यावा का?

घरी लॅपटॉप असेल आणि पावणेदोन गिगाहर्ट्झपर्यंतचंच ऐकायचं असेल तर आधी आरटीएल-एसडीआर डोंगल, म्हणजे यूएसबीत लागणारा फक्त ऐकण्याचा छोटा रेडिओ, घ्या. किमतीत कित्येक पटींचा फरक आहे आणि रिसीव्ह करण्यात तो मागे पडत नाही. विमानं, जहाजांचे १६१.९७५ आणि १६२.०२५ मेगाहर्ट्झवरचे एआयएस संदेश, एफएम, हवामान उपग्रहांची चित्रं, सगळं होतं. पोर्टापॅकची खरी मजा चालता-फिरता आहे: ससून डॉकवर उभं राहून लॅपटॉप न उघडता जहाजांची यादी हातात पाहणं, किंवा इमारतीत गोंगाट करणारा एलईडी ड्रायव्हर जिन्याजिन्याने शोधत जाणं. असं काम तुम्ही करणार असाल तर घ्या.

माझ्याकडे चालता एच२ आहे. एच४एम घेऊ का?

रिसेप्शन सुधारेल म्हणून घेत असाल तर नको. ते पैसे चांगल्या अँटेनावर, एफएम अडवणाऱ्या फिल्टरवर आणि टीसीएक्सओवर घाला. फरक त्याच दिवशी ऐकू येईल. बॅटरीची टक्केवारी, टाइप-सी किंवा सेन्सर जोडायची सोय हवी असेल तर मात्र नुसता एच४एम बोर्ड मागवा आणि आहे त्याच हॅकआरएफवर बसवा. बसवताना पिनांच्या सगळ्या रांगा समोरासमोर आल्यात का ते उजेडात आडवं धरून पाहा, एक पिन सरकून बसली तर बोर्ड चालू होत नाही. एच२ची बॅटरी आधी काढा, आणि जुना बोर्ड फेकू नका: नव्याने शिकणाऱ्या कुणाला तरी तो पुढची कित्येक वर्षं पुरेल.